थांब्यासमोरचा खड्डा

आज पुण्यातल्या एका बसथांब्यासमोर खड्डा बुजवताना पाहिला आणि डोकं सणकलं. घोटाभर पाणी होतं खड्ड्यात. त्यातच चार घमेली डांबरी खडी ओतली, फावड्याच्या पाठीने थापटली आणि टेम्पो पुढे गेला. त्या कामगारांवर राग नाही, त्यांच्याकडे दाबायला काही दिलेलंच नव्हतं. राग काम असं करून घेणाऱ्यांवर आहे.

खड्ड्याच्या कडा चौकोनी, उभ्या कापायच्या असतात, सैल खडी संपून घट्ट रस्ता लागेपर्यंत. मग झाडून कोरडा करायचा. तळाला आणि कडांना इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, मारायचं, ते तपकिरीचं काळं होईपर्यंत थांबायचं. माल थराथराने भरायचा, प्रत्येक थर दाबायचा, वरचा थर किंचित उंच ठेवायचा. पाणी तसंच राहिलं तर बाकी सगळं फुकट. ओल्या खडीला डांबर धरत नाही, आणि वरून चाक गेलं की आत अडकलेलं पाणी दाबाने डांबर सोडवतं.

पावसात हॉट मिक्स, म्हणजे तापवलेली डांबरी खडी, टाकता येत नाही, मान्य. ते ओल्यात लगेच थंड होतं आणि मग दबत नाही. पण कोल्ड मिक्सच्या, म्हणजे न तापवता भरायच्या मालाच्या, पिशव्या त्यासाठीच मिळतात ना! आणि साचलेलं पाणी त्यांनाही उपसून द्यावंच लागतं.

हाच खड्डा थांब्यासमोर असला की काय होतं? ड्रायव्हर बस कडेला घेत नाही, दुसऱ्या लेनमध्ये तिरकी उभी करतो. मागचा सगळा रस्ता तुंबतो आणि शिव्या पीएमपीला, म्हणजे शहराच्या बससेवेला. लो-फ्लोअर बसची फरशी रस्त्यापासून साधारण 400 मिमी वर असते. 150 मिमीच्या फूटपाथवरून चढलं तर पायरी 250 ची. खड्डा टाळून रस्त्यावरून चढायचं तर पूर्ण 400. हातात पिशवी, गुडघे धरलेले, मागून दुचाकी घुसतायत... आपल्याच घरातली म्हातारी माणसं आहेत हो ही.

चढउतार एका पातळीवर हवा, हे या शहराला नवीन नाही. देशातला पहिला बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिकेचा, प्रयोग 2006 साली इथेच झाला, कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर. पुढच्या मार्गांवर बसच्या दाराला जुळणारे फलाटही बांधले. मग साध्या थांब्याने काय पाप केलं?

खड्डा नेमका तिथेच पडतो, त्यालाही कारण आहे. रस्त्याचा उतार कडेला, म्हणून पाणी कडेला; आणि थांबाही कडेलाच. जुना थर न खरवडता डांबरावर डांबर चढवत गेलं की पावसाळी गटाराची जाळी खोल खड्ड्यात जाते आणि कचऱ्याने बुजते. त्यात भरलेली बस रोज त्याच जागी ब्रेक मारते, डांबर पुढे सरकून लाटा येतात, लाटांत पाणी साठतं. म्हणून थांब्यापुरता तरी काँक्रीटचा पट्टा हवा: दोन बस मावतील असा 30 मीटर लांब, 3 मीटर रुंद, जाळीकडे उतार दिलेला. काँक्रीट पिकेपर्यंत थांबा थोडा पुढे हलवावा लागेल, लोक कुरकुरतील, हेही खरं. चालेल. आणि थांब्यावर रिक्षा, गाड्या लावणारे आपणही आहोत, तेही बंद व्हायला हवं.

पट्ट्याला निविदा लागेल, वेळ जाईल. पण आज ज्या खड्ड्यात माल ओतला, त्याच्यापासून दोन हातांवर ती जाळी आहे, चिखलाने पूर्ण बुजलेली. दोन माणसं, एक पहार आणि एक फावडं लागतं. माल ओतायच्या आधी ती मोकळी केली असती, तर पाणी आपोआप उतरलं असतं. उद्या सकाळी तरी कुणीतरी ती उघडा.