साहेबाची भजनं? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. (‘तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका.) इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या चर्चगाण्यांवरचा माझा लेख आणि आमच्या गटाचा व्हिडिओ, यावर तुमचे आक्षेप दोन. आमच्या गटाचा व्हिडिओ म्हणजे नुसता गलका, प्रत्येक जण आपलं आपलं वेगळंच गातोय, एक शब्द कळेल तर शपथ. आणि मराठी माणसाने इंग्लंडातल्या डॉर्सेटला जाऊन साहेबाची भजनं कशाला गावीत?

आधी गलक्याचं. ती चालच तशी बांधलेली आहे. ‘फ्यूगिंग’ म्हणतात. सुरुवात सगळे मिळून करतात. मग मध्येच बाकीचे थांबतात आणि खर्जवाले एकटेच पुढे निघतात. त्यांची ओळ संपायच्या आत दुसरे घुसतात, मग तिसरे. एका वेळी चार आवाजांत चार वेगळे शब्द! अठराव्या शतकातले पाद्रीही याच कारणाने वैतागायचे, तेव्हा तुम्ही एकटे नाही. बेसूर झालं हे मात्र कबूल. दुसऱ्या कडव्यात आम्ही खर्जवाले चक्क उतरलो. डावीकडून तिसरा तो मीच.

आता साहेब. इथे चूक माझी, मूळ लेखात मी सरसकट ‘चर्चचं संगीत’ लिहून मोकळा झालो. हे कॅथीड्रलमधलं गाणं नव्हे. साधारण १७०० ते १८५० या काळात खेड्यातल्या चर्चमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लाकडी माळा असायचा. त्यावर गावातलेच कारागीर आणि मजूर व्हायोलिन, क्लॅरिनेट, बॅसून (खर्जातलं लांब लाकडी फुंकवाद्य) घेऊन बसायचे. गाणं सुरू झालं की खालची मंडळी वळून माळ्याकडे तोंड करायची, म्हणजे पाद्र्याकडे पाठ! कादंबरीकार थॉमस हार्डीचे आजोबा डॉर्सेटमधल्या स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये चेलो वाजवायचे, वडील व्हायोलिन. घरचा धंदा गवंडीकामाचा. रविवारी स्तोत्रं वाजवणारे हेच हात लग्नात, नाचात वाजवायचे. हार्डींच्या घरच्या वह्यांत दोन्हीकडच्या चाली आहेत. ‘क्रॅनब्रुक’ ही चाल तर कँटरबरीच्या एका जोडे शिवणाऱ्याने, थॉमस क्लार्कने, १८०५ मध्ये छापली. आज उत्तर इंग्लंडातले यॉर्कशरचे लोक तीच चाल तिथल्या इल्कली मूर या माळरानावरच्या गमतीच्या गाण्याला लावून गातात. आम्ही ती नाताळच्या स्तोत्राला लावली की श्रोत्यांत हमखास कोणीतरी फिस्कन हसतं.

या मंडळींना माळ्यावरून उतरवलं कोणी? तुम्ही ज्यांना साहेब म्हणता त्यांनीच. १८३० नंतर सुधारणावादी पाद्र्यांना हे सगळं गावंढळ वाटू लागलं. कुठे ऑर्गन आला, कुठे हार्मोनियम. हो, आपली पेटीच. पॅरिसच्या दबॅं नावाच्या वाद्यकाराने १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. जिच्यावाचून आपल्याकडे भजनाला बसवत नाही, तिने तिथे अख्ख्या वादकमंडळाला घरी बसवलं. मला तरी हा तिढा सुटत नाही.

‘इकडच्या भजनी मंडळांवर आधी लिही’ हा तुमचा टोमणा लागला. पावसाळ्यात गावी येतोय, तेव्हा एकादशीला बसेन आणि लिहीन.

तोवर व्हिडिओ पुन्हा एकदा लावा. मागे काळं, चामड्याने मढवलेलं, नागमोडी नळकांडं मांडीवर घेतलेले आजोबा दिसतील. ते वाद्य म्हणजे सर्पंट. मी एकदा फुंकून पाहिलं तर रेडकू ओरडल्यासारखा आवाज निघाला. आजोबांच्या हाती मात्र तो खर्ज जमिनीतून आल्यासारखा येतो. हेडफोन लावून फक्त तेवढाच ऐका, आणि मग पुन्हा शिव्या द्या.