टॉवरमधलं ऑफिस आणि ३० सप्टेंबरची रात्र

परवा एका मित्राने विचारलं, सेनापती बापट रोडला टॉवरमध्ये ऑफिस बघतोय, घेऊ का? फोनवर सांगत बसलो तर तास जाईल, म्हणून इथेच लिहितो. बिल्डिंगचं नाव टाकत नाही, अजून तिथेच बसायचंय.

आमची छोटी सीए फर्म, आठ माणसं. आधी सदाशिव पेठेत वाड्यात होतो. पत्ता सांगायचा म्हणजे बोळातून आत या, लाकडी जिना, डावीकडे, चपला बाहेर काढा. तीन वर्षांपूर्वी इकडे आलो. ब्रोशरमध्ये जिम, बिझनेस लाऊंज, कॉन्फरन्स रूम, शंभर टक्के पॉवर बॅकअप, काय नव्हतं! जिम मी अजून आतून बघितलेली नाही. बॅकअप मात्र खरा. पेठेत आमचा अर्धा गुरुवार यूपीएसची टूं टूं ऐकण्यात जायचा, इथे लाईट गेली हे कळत पण नाही.

पण मित्रा, टेप घेऊन जा. आमच्या अ‍ॅग्रीमेंटला १००० फूट आहेत, आर्टिकलच्या, म्हणजे आमच्याकडे सीएचं ट्रेनिंग करणाऱ्या पोराने मोजले तर ६४० भरले. बाकीचं सगळं लोडिंग, म्हणजे लॉबी, पॅसेज, लिफ्ट आणि त्या न बघितलेल्या जिममधला आपला वाटा. मेंटेनन्स, ज्याला हे लोक कॅम म्हणतात, तोही १००० वरच. वर १८ टक्के जीएसटी, आम्हाला क्रेडिट मिळतो, म्हणजे तो आमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो म्हणून सोडा, क्लिनिकवाल्या डॉक्टरला तोही मिळत नाही.

आणि एसी. सात वाजता सेंट्रल एसी बंद, पुढे तासाला वेगळे पैसे आणि त्याची मेल दुपारी चारच्या आत टाकायची. पहिल्याच वर्षी ३० सप्टेंबरला, टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख, मेल टाकायची राहिली. नऊ वाजता इन्कम टॅक्सचं पोर्टल अडकलेलं, आठ लॅपटॉप गरम, आणि सगळीकडे काच, उघडायला एक खिडकी नाही. समोर वेताळ टेकडीवर झाडं हलताना दिसतायत आणि आम्ही आत शर्टाची बटणं उघडून बसलेलो. पेठेत निदान खिडकी ढकलली की शेजारच्यांच्या फोडणीसकट वारा तरी यायचा. (ज्या सेनापती बापटांनी वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ ला मुळशी सत्याग्रह केला, त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर आम्ही एसीसाठी मेल टाकतोय!)

मग सोडत का नाही? पत्ता, दुसरं काही नाही. चाकणचा एक क्लायंट वाड्यात असताना प्रत्येक बिलात घासाघीस करायचा. इथे आला, लॉबीत पास काढला, बाराव्या मजल्यावर लिफ्टने वर आला, कॉफी प्यायला आणि तीच फी गुपचूप मान्य करून गेला. काम तेच, माणसं तीच, चपला फक्त पायात राहिल्या. मला राग यायला हवा होता, आला नाही.

लॉक-इन, म्हणजे जागा मधेच सोडता येत नाही तो काळ, पुढच्या महिन्यात संपतोय. रिन्यू करतोय, वाढीव भाड्यासकट. आणि वाड्यातला जुना टेबल फॅन माळ्यावर होता, तो काल पुसून ऑफिसला आणून ठेवलाय.