‘सगळे पैसे कार्डात घाला’ हा सल्ला कुठे चुकतो

गेमिंग पीसी अपग्रेड करायचं म्हटलं की एक सल्ला हमखास समोर येतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: गेम ग्राफिक्स कार्डावर चालतो, प्रोसेसरला हात लावू नका, सगळं बजेट कार्डात घाला. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ४५० वॉटचा असला की बास. वर रॅम ३२ जीबी करा, एसएसडी (वेगवान स्टोरेज) टाका, एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) दुप्पट होतो. अगदीच पैसे नसतील तर जुना ऑफिस पीसी घ्या आणि त्यात ८ जीबीचं सेकंडहँड कार्ड बसवा.

हे वाचून लोक खरोखर पैसे घालवतात. माझा मावसभाऊ वर्षभर शिकवण्या घेऊन साठवलेले तीस हजार रुपये असेच कार्डात घालायला निघाला होता. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘प्रोसेसरला हात लावू नका.’ कुठला गेम खेळता, यावर हे अवलंबून आहे. नवा, जड, एकट्याने खेळायचा गेम सगळी सेटिंग्ज वर ठेवून खेळायचा असेल तर पहिला पैसा कार्डातच जायला हवा, तिथे हा सल्ला बरोबर आहे. पण आपल्याकडे असंख्य मुलं दिवसरात्र खेळतात ते व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २. सेटिंग्ज लो, मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा. तिथे कार्डाला फारसं काम उरत नाही, दम लागतो तो प्रोसेसरला.

भावाकडे रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम स्टिक आणि जीटीएक्स १६६० सुपर कार्ड होतं. व्हॅलोरंटमध्ये चकमक सुरू झाली की एफपीएस नव्वदपर्यंत कोसळायचा. त्याला मी एकच गोष्ट करायला सांगितली: रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी कर आणि त्याच मॅपवर खेळून बघ. कार्ड कमी पडत असतं तर त्याच्यावरचा भार निम्म्याहून कमी झाल्यावर एफपीएस वर यायला हवा होता. आकडा जागचा हलला नाही. याचा अर्थ तीस हजारांचं कार्ड बसवूनही नव्वदचे नव्वदच राहिले असते. या चाचणीला पैसा लागत नाही, दहा मिनिटं लागतात.

त्याचा प्रश्न होता, ‘पण टास्क मॅनेजर तर प्रोसेसर ४५ टक्केच वापरात दाखवतोय.’ इथे पुष्कळ जण फसतात. २६०० मध्ये ६ कोर आणि १२ थ्रेड आहेत, म्हणजे तो एका वेळी १२ कामं चालवू शकतो. गेमचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. बाकीचे थ्रेड मोकळे असले तरी गेम त्या एकासाठी थांबून राहतो. एकूण टक्केवारीपेक्षा कार्डाचा वापर बघा. गेम चालू असताना कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर ते कमी पडतंय. ५०-६० वर रेंगाळत असेल आणि एफपीएसवर कुठली मर्यादा लावलेली नसेल, तर अडचण दुसरीकडे आहे. प्रोसेसर-कार्डाच्या जोड्या घालून ‘इतके टक्के बॉटलनेक’ (अडथळा) सांगणाऱ्या कॅल्क्युलेटरना तुमचा गेमही माहीत नसतो आणि सेटिंग्जही, त्यामुळे त्यांच्या आकड्यावर खरेदी करू नका.

‘एसएमपीएस ४५० वॉटचा असला की बास.’ या मुद्द्याचा मला राग येतो, कारण इथे चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत, अख्खा पीसी जाऊ शकतो.

भावाच्या कॅबिनेटचं झाकण काढून आम्ही एसएमपीएसचा स्टिकर वाचला. वर ठळक ४५०. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही जवळपास सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट, त्याच्या खऱ्या उपयोगाचा आकडा एवढाच. १६६० सुपर १२५ वॉटचं, प्रोसेसर ६५ वॉटचा. बेरीज १९०, त्यात पंखे आणि डिस्क अजून धरलेले नाहीत. आजवर निभावलं ते व्हॅलोरंटमध्ये कार्डावर पूर्ण लोड येत नव्हता म्हणून. त्याला हवं असलेलं आरटीएक्स ५०६० तर १४५ वॉटचं आहे.

त्याहून वाईट गोष्ट कार्डाजवळ दिसली. या एसएमपीएसला कार्डाची ८ पिनची वायरच नव्हती. ज्याने पीसी जोडून दिला त्याने दोन मोलेक्स (जुन्या चार पिनच्या) कनेक्टरमधून ८ पिन करणारा अडॅप्टर लावला होता. पांढऱ्या मोलेक्सचं प्लास्टिक एका पिनेभोवती पिवळं पडून कडक झालं होतं. ८ पिनच्या वायरीतून कार्ड १५० वॉटपर्यंत घेऊ शकतं, स्लॉटमधून फार तर ७५. असा अडॅप्टर तुमच्या पीसीत असेल तर दुसरं काही घेण्याआधी एसएमपीएस बदला.

दुकानात ‘८० प्लस आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. तो शिक्का वीज किती वाया जात नाही ते सांगतो. शॉर्ट सर्किट झालं किंवा व्होल्टेज चढलं तर एसएमपीएस वेळेत बंद होईल का, हे तो सांगत नाही. १२ व्होल्टचे अँपिअर, कार्डाची स्वतःची वायर आणि निदान पाच वर्षांची वॉरंटी बघा. मध्यम बजेटच्या पीसीला चांगला ५५० वॉट पुरतो. घरचा यूपीएसही तपासा: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, आणि मॉनिटरही त्यावरच असतो.

‘रॅम ३२ जीबी करा.’ १६ जीबी भरतच नसेल तर ३२ ने एफपीएस वाढत नाही. महत्त्वाचं आहे ते स्टिक किती आणि कुठल्या स्लॉटमध्ये. ३२०० ची डीडीआर४ एका चॅनेलवर, म्हणजे एकच स्टिक असताना, सेकंदाला २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन चॅनेलवर ५१.२. ८ ची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी शोधा आणि दोन्ही योग्य जागी लावा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर ती जागा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम कमी वेगाने चालत राहते. भावाकडे एक्सएमपी दोन वर्षं बंदच होतं.

२०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम प्रचंड महागली आहे, मायक्रॉनने तर क्रुशियल या ब्रँडखाली ग्राहकांना रॅम विकणं थांबवत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. अशा वेळी गरज नसताना ३२ घ्यायला लावणं हा सरळ तोट्याचा सल्ला आहे. सेकंडहँड घ्यायची झाली तर सगळ्या भागांत रॅममध्ये जोखीम मला सर्वांत कमी वाटते. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवा, सकाळी एकही एरर नसेल तर निर्धास्त वापरा.

‘एसएसडीने एफपीएस वाढतो.’ वाढत नाही. गेम लवकर उघडतो, मॅप लवकर लोड होतो, नव्या मोठ्या गेममध्ये मध्येच बसणारे झटके कमी होतात. स्टारफील्डसारख्या गेमची तर किमान गरजच एसएसडी आहे. घ्या जरूर, पण महागड्या वेगवान मॉडेलच्या मागे न लागता.

‘८ जीबीचं सेकंडहँड कार्ड घ्या.’ आठ हा आकडा वाचून आरएक्स ५८० घेणारे बरेच आहेत. ते कार्ड २०१७ चं. त्यात ‘२०४८ एसपी’ असा एक प्रकार विकला जातो, त्यात नावाप्रमाणे २०४८ शेडर (चित्र घडवणारे छोटे कोर) असतात, मूळ ५८० मध्ये २३०४. नाव तेच, ताकद खालच्या आरएक्स ५७० ची. शिवाय ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ या गेमना रे ट्रेसिंगचं (प्रकाश खऱ्यासारखा दाखवणारं) हार्डवेअर लागतंच. ते ५८० मध्ये नाही आणि भावाच्या १६६० सुपरमध्येही नाही. हे दोन्ही गेम किमान म्हणून आरएक्स ६६०० सांगतात, त्यामुळे जुन्या बाजारात मी तिथून खाली उतरणार नाही.

नव्यातही स्वस्त म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी उचलू नका. त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटेच्या) चारच लेन आहेत आणि बी४५० बोर्डाचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा. मेमरी ४ जीबीच, ती भरली की त्या चिंचोळ्या वाटेवर गर्दी होते आणि गेम अडखळतो.

‘जुना ऑफिस पीसी घ्या.’ चौथ्या पिढीचा आय५, २०१३ चा, चार कोर आणि चारच थ्रेड. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटलफील्ड ६ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) मागतो, तोही तिथेच अडतो. बऱ्याच ऑफिस मॉडेलमध्ये मदरबोर्डची मुख्य पिन नेहमीची २४ ची नसते, त्यामुळे साधा एसएमपीएस त्याला जोडता येत नाही. बारीक कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड मावत नाही.

भावाने शेवटी ५५० वॉटचा एसएमपीएस, जुन्या स्टिकला जुळणारी सेकंडहँड ८ जीबी आणि रायझन ५ ५६०० घेतला. कार्ड तेच ठेवलं. आता व्हॅलोरंट १४४ च्या खाली येत नाही, आणि उरलेले पैसे पुढच्या कार्डासाठी बाजूला आहेत.

तुमच्याकडेही बी४५० असेल आणि ५६०० बसवणार असाल, तर जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करा. जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर पडद्यावर काहीच दाखवणार नाही. आणि अपडेट यूपीएसवरच करा, कारण त्या पाच मिनिटांत लाइट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. आम्ही त्यासाठी रात्री अकरापर्यंत थांबलो, आमच्याकडे संध्याकाळी लाइटचा भरवसा नसतो.