‘जगातल्या मधमाश्या संपत आल्या’: कोणतं जग, कोणत्या माश्या?

20 मेचा जागतिक मधमाशी दिन जवळ आला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्यात चार विधानं असतात. मधमाशी संपली तर माणूस चार वर्षांत संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाला होता. जगातले 75 टक्के कीटक नाहीसे झाले आणि 40 टक्के जाती संपण्याच्या वाटेवर आहेत. मधमाश्यांचीही तीच गत आहे. म्हणून शेतात मधमाश्यांची पेटी ठेवा. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी असते, पण या मेसेजमुळे आपल्याकडचा खरा प्रश्न झाकला जातो.

आइन्स्टाइनचं आधी उरकू. तो 1955 साली गेला. हे वाक्य त्याच्या नावावर छापलेलं सापडतं ते 1960 च्या दशकात, आणि गाजलं ते 1994 मध्ये, ब्रसेल्समधल्या मधपाळांच्या निदर्शनांच्या वेळी. मजकूरही टिकत नाही. 2007 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार जगातल्या 115 प्रमुख पिकांपैकी 87 पिकांना कीटक-पक्ष्यांच्या परागीभवनाचा कमीअधिक उपयोग होतो. मात्र वजनाने पाहिलं तर सुमारे 60 टक्के उत्पादन त्याची गरज नसलेल्या भात-गव्हासारख्या पिकांतून येतं. फटका बसेल तो भोपळा, कारलं, कलिंगड, सूर्यफूल आणि कांद्याच्या बियाण्याला. तोही लहान नाही.

75 टक्के हा आकडा जर्मनीचा आहे. तिथल्या 63 संरक्षित जागांवर 27 वर्षांत तंबूसारखे सापळे लावले गेले आणि 2017 मध्ये निष्कर्ष छापून आला. मोजलं होतं ते सापडलेल्या सगळ्या उडत्या कीटकांचं एकत्रित वजन. त्यात मधमाश्या किती, कोणत्या जाती किती, हे त्या आकड्यात नाही. निम्म्याहून जास्त जागांवर तर सापळे प्रत्येकी फक्त एकच वर्ष लागले होते. घट चिंताजनकच आहे, पण ती जर्मनीतल्या त्या जागांची आहे.

40 टक्क्यांचा आकडा 2019 च्या, 73 अभ्यासांवर बेतलेल्या आढाव्यातला. ते अभ्यास शोधताना ‘घट’ या अर्थाचा शब्दच शोधशब्द म्हणून वापरला होता. कीटक टिकून आहेत किंवा वाढले आहेत असं सांगणारे निबंध अशा चाळणीतून गळणारच. शिवाय बहुतेक अभ्यास युरोप आणि उत्तर अमेरिकेतले. पुढच्याच वर्षी 166 दीर्घकालीन पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा जमिनीवरच्या कीटकांत दर दहा वर्षांना सुमारे 9 टक्के घट आणि गोड्या पाण्यातल्या कीटकांत सुमारे 11 टक्के वाढ दिसली. त्या पाहण्याही बहुतांशी त्याच दोन खंडांतल्या.

नकाशा असा एकांगी का? घट दाखवायची तर आधीची मोजणी हाताशी लागते. ब्रिटनमध्ये ठरलेल्या वाटेने दर आठवड्याला चालत फुलपाखरं मोजण्याचं काम 1976 पासून सुरू आहे. आपल्याकडे माश्यांच्या जाती ओळखायलाच अजून 1897 साली छापलेल्या ब्रिटिश काळातल्या खंडाचा आधार घ्यावा लागतो. पद्धतीही दगा देतात. साबणाच्या पाण्याच्या निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या वाट्या ठेवल्या की बारीक माश्या भरपूर पडतात, मोठा भुंगा क्वचितच. शेतात फुलं कमी असली की वाट्यांत उलट जास्त माश्या येतात. नुसते वाट्यांतले आकडे पाहणारा उलटाच निष्कर्ष काढू शकतो.

आता ‘मधमाश्याही संपल्या’. 2006-07 च्या हिवाळ्यात अमेरिकेत पेट्या अचानक रिकाम्या होऊ लागल्या, ती बातमी पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मेलिफेरा मधमाशीची. जगातल्या पाळीव वसाहती मात्र 1961 ते 2008 दरम्यान सुमारे 45 टक्क्यांनी वाढल्या. जगात मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंद माश्या मिळून 20,000 हून अधिक जाती आहेत, त्यातली मेलिफेरा ही एक. आपल्या सातेरीवर, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या भारतीय मधमाशीवर, खरं संकट आलं ते 1991-92 मध्ये, जेव्हा थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या बहुतांश पेट्या रिकाम्या केल्या. फिरत्या मेसेजात ते कधीच नसतं.

राहिली पेटी. वांग्याचं फूल हातात घेऊन बघा. पिवळे परागकोश उभे फुटत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं असतात. फुलाला धरून अंग थरथरवणारी माशीच त्यातून पराग झाडू शकते. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी हे करतात. पेटीतल्या मेलिफेरा किंवा सातेरीला ते जमत नाही. भुंगा वाळक्या लाकडात घर करतो, निळ्या पट्ट्यांची माशी मातीत. बांधावरचं वाळकं खोड जाळलं, मातीचा कट्टा सिमेंटने लिंपला, तर दहा पेट्या ठेवूनही ती उणीव भरत नाही.

आपल्या वांग्यात कमतरता आहे का, हे तपासता येतं. लांब कुक्षीवृंताची, म्हणजे ज्यांच्या मधल्या दांड्याचं टोक (कुक्षी) परागकोशांच्या बाहेर येतं, अशी फुलंच घ्या. आखूड कुक्षीवृंताच्या फुलांना एरवीही फळ धरत नाही, ती मोजली तर दोष उगाच माश्यांवर येतो. उमलण्याआधी 30 कळ्यांना मलमलची पिशवी बांधा, 30 मोकळ्या ठेवून दोऱ्याने खूण करा. आणखी 30 फुलं मोकळीच ठेवून त्यांना हाताने पराग द्या: बॅटरीच्या टूथब्रशची पाठ दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावा, चमच्यात पडलेले पराग कुक्षीला लावा. पाकळ्या गळताच पिशव्या काढा, नाहीतर आत ओल धरून फळ कुजतं. वांगं काही प्रमाणात स्वतःच्या परागांवरही धरतं, म्हणून पिशवीतला संच पूर्ण रिकामा राहणार नाही. हाताने पराग दिलेल्या फुलांना मोकळ्यांपेक्षा स्पष्ट जास्त फळं लागली, तर माश्या कमी पडत आहेत.

सोबत मोजणीही करा. ब्रिटनमध्ये 50 बाय 50 सेंटिमीटरच्या फुलांच्या तुकड्यावर 10 मिनिटं बसून येणारे कीटक नोंदतात. आपल्याकडे तेच सकाळी, ऊन तापण्याआधी करा. त्या चौकटीतली उमललेली फुलं आणि शेवटच्या फवारणीची तारीखही लिहा. पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात, त्याच आठवड्यात पुन्हा मोजा. एका हंगामाच्या आकड्यावरून घट कळत नाही.