हजारावर लावा!

रोल धुऊन काल प्रिंट हातात आले. सगळे काळेकुट्ट. कडेला तेवढी उजेडाची एक उभी पट्टी, आणि एका पट्टीत कुणाचा तरी कान. कान त्या काकांचाच असणार. कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ दुसरं कुणी फिरकतच नव्हतं.

समारंभात मी फ्लॅश चढवला, शटरची चकती, म्हणजे फिल्मवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते ठरवणारी, ६०वर आणली आणि काका खांद्यावरून डोकावले.

"६०वर का ठेवलाय?"

"फ्लॅशसाठी, काका. तो लाल आकडा दिसतोय ना, तो त्याचाच."

"अहो, पण इथं १००० आहे की! हजारावर लावा, भरपूर उजेड येईल."

मी समजावलं. ६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, १००० म्हणजे हजारावा. आकडा वाढला की उजेड घटतो. काकांनी चष्मा कपाळावर चढवून चकती न्याहाळली.

"मग वरचा एक कुठाय?"

"लिहीत नाहीत. जागा नसते."

"एकाला असून असून किती जागा लागते? हा बघा, इकडे नुसता १ आहे. याला बरी मिळाली जागा!"

"तो अख्खा एक सेकंद."

"म्हणजे १ हा १०००पेक्षा मोठा?" काकांनी जमलेल्या मंडळींकडे पाहिलं. मंडळी हसली. मला.

चकती बनवणाऱ्यांनीही कमाल केलीय म्हणा. १, २, ४, ८, आणि मग १५! आठ दुणे पंधरा कुठल्या शाळेत शिकवतात? पुढे ६० नंतर १२५. काही कॅमेऱ्यांवर ४ दोनदा असतो: एक पाव सेकंद, दुसरा पुरे चार सेकंद. फरक फक्त रंगाचा. अंधारात रंग ओळखा आता.

मी फ्लॅशचे सेल आणायला वळलो, तेवढ्यात काकांनी चकती फिरवली. माझ्या कॅमेऱ्यात फिल्मपुढे दोन पडदे धावतात. ६०वर पहिला पूर्ण सरकतो, फ्लॅश उडतो, मग दुसरा निघतो. १०००वर दुसरा पहिल्याच्या पाठीलाच लागलेला. फ्लॅश उडतो तेव्हा मधे उघडी असते ती नुसती चीर. आणि फिल्मच ती, कॅमेऱ्याच्या पाठीला स्क्रीन नाही की लगेच बघावं. हे सगळं कळणार रोल धुतल्यावर, समारंभ उरकल्यावर.

प्रिंट काकांपुढे ठेवले. म्हणाले, "तरी मी सांगत होतो, मोबाइलवर काढा."

सांगत नव्हते. एकदाही नाही.