"काहीही चालेल" म्हणे!

जपानला जायचं ठरलं तेव्हा घरातले सगळे एका सुरात म्हणाले, "तू ठरव गं, आम्हाला काहीही चालेल." काहीही चालेल! तीन महिने झाले, यांना काहीच चालत नाहीये.

नणंदेला साकुरा, तो चेरीचा बहर, बघायचाच होता. म्हणजे मार्चअखेर नाहीतर एप्रिलचा पहिला आठवडा, म्हणजे विमान महाग, क्योटोतली हॉटेलं त्याहून महाग. बरं, काढली तिकिटं. मग तिच्या ऑफिसातला एकजण, जो २०१९ मध्ये जाऊन आलाय, त्याने सांगितलं की रेल्वेचा पास काढा, स्वस्तात होतं. अहो, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० वर गेला! टोकियो-क्योटो शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, जाऊन-येऊन २८ हजारांच्या आसपास होतात. मी एक्सेलमध्ये मांडून दाखवलं. तर नवरा म्हणतो, "पण तो म्हणत होता ना..." मग त्यालाच न्या की बरोबर!

सासूबाई शुद्ध शाकाहारी. "मी आपली भातावर भागवेन." आणि भातावर काय घेणार? सूप, सॉस, उकडलेली भाजी, बहुतेक सगळ्यात दाशी नावाचा अर्क, आणि दाशीत वाळवलेला बोनितो मासा. थंड टोफूवरसुद्धा त्याच माशाचा कीस भुरभुरवतात. म्हणून क्योटोत शोजिन र्‍योरी शोधून काढलं, बौद्ध मठांतलं जेवण, मासा सोडाच, कांदा-लसूणही नाही. यावर उत्तर काय? "एवढे पैसे मोजून टोफू खायचा होय?"

भाच्याला जिब्ली म्युझियम हवं, त्या जपानी कार्टून सिनेमावाल्यांचं. त्याची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला, पुढच्या महिन्याची, जपानच्या सकाळी १० वाजता सुटतात. आपले साडेसहा. सव्वासहाला लॅपटॉप उघडून बसले, गॅसवर चहा. तासाभराने रांगेतून आत शिरले, कार्डाचा नंबर टाकला आणि ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर. नवरा फोनसकट बाथरूममध्ये! (फोन आत कशाला लागतो, हा वेगळा विषय.) दार बडवलं, त्याने आतून एकेक आकडा ओरडून सांगितला, शेवटच्या दहा सेकंदांत टाकला. मिळालं! ५ एप्रिल, दुपारी २ वाजता. चहाचं पातेलं मात्र जळून कोळसा झालं. तिकिटावर दिवस नि वेळ छापलेली, ती काही हलत नाही.

आता व्हिसाच्या फॉर्मला रोजचा कार्यक्रम लिहून द्यायचाय, कुठल्या तारखेला कुठे, मुक्काम कुठे. ग्रुपवर विचारलं, कोणाला काय बघायचंय ते आजच सांगा. सहाजणांनी वाचलं. एक अंगठा आला.

आणि आत्ता, रात्री साडेअकराला, नणंदेचा मेसेज. "वहिनी, तारखा जरा पुढे सरकवता येतील का गं? मला २९ एप्रिलपासून सुट्टी मिळतेय."

२९ एप्रिल! त्या दिवशी गोल्डन वीक, म्हणजे तिकडचा सुट्ट्यांचा आठवडा, सुरू होतो, अख्खा जपान घराबाहेर पडतो. आणि क्योटोतला साकुरा तोवर कधीच झडलेला असतो, बाईसाहेब!