सतरा उपकरणं आणि एक चुकीचा भागाकार

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो फॉरवर्ड आला: 'वायफायला जितकी उपकरणं जोडलेली, तितक्यांनी प्लॅनचा स्पीड भागा. १०० एमबीपीएस, १० उपकरणं, म्हणजे प्रत्येकी १०. नको ती काढा, मग मोबाइलवर स्पीड टेस्ट करा. तरी कमी आला तर कंपनी फसवतेय.'

इंटरनेट म्हणजे वडिलोपार्जित जमीन नव्हे, वारस मोजून वाटणी करायला. जो मागतो त्यालाच मिळतं. गप्प बसलेला स्मार्ट बल्ब जवळपास काहीच घेत नाही. फोर-केसाठी नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस सांगतं. माझ्याकडे सतरा उपकरणं जोडलेली असताना, कोणी काही बघत नव्हतं तेव्हा, केबल लावलेल्या लॅपटॉपवर ९४ आले. उरलेले सहा कंपनीनं खाल्ले नाहीत. केबल खोचायच्या १०० एमबीपीएसच्या पोर्टवर, डेटा ज्या तुकड्यांत जातो त्या पॅकेटांच्या वेष्टनातच तेवढे जातात.

आता मोबाइलची टेस्ट. त्याच रात्री बेडरूममध्ये वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर फोनला २८ मिळाले आणि राउटरशेजारी ५ गिगाहर्ट्झवर ९१. लाइन तीच, मधे भिंती. शिवाय २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या मार्गिका, तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या इमारतीतले सगळे राउटर तिथेच गर्दी करून. मोबाइलवरचा आकडा वायफायचा असतो. तो दाखवून कस्टमर केअरशी भांडलात तर हरणार. केबल लावून सकाळी आणि रात्री नऊला मोजा. रात्रीच आपटत असेल तर खुशाल भांडा.

फॉरवर्डमध्ये खरं थोडं आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. कोपऱ्यातला जुना टॅब कमजोर सिग्नलवर व्हिडिओ बघत बसला की तेवढ्याच डेटासाठी जास्त वेळ चॅनेल अडवून ठेवतो, बाकीचे ताटकळतात. म्हणजे दोष संख्येचा नाही, त्या एका टॅबचा.

सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट त्यात नाहीच. ताईच्या जोडणीला अपलोड जेमतेम ५ एमबीपीएस. टेस्ट उत्तम, पण मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, चालू ठेवून बघितलं: एरवी १२ मिलिसेकंद, भाच्याच्या फोनचा फोटो बॅकअप सुरू झाला की ४०० च्या वर. अपलोडची रांग तुंबत होती, आणि घर शांत असताना केलेल्या टेस्टमध्ये ते दिसणार कसं? राउटरच्या क्यूओएसमध्ये, म्हणजे कोणाला किती स्पीड ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, अपलोडची मर्यादा ४ वर आणली. भाच्याचा बॅकअप आता सावकाश होतो, त्याची कुरकुर चालू आहे.